चौसष्ट नकार आणि एक खुर्ची

हणमंतप्पांचा पाय मोडला तो स्वतःच्याच घरात, स्टुलावरून पडून. आणि या गोष्टीचे दुःख त्यांना मोडलेल्या पायापेक्षा अधिक झाले. उमरग्यात तीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसलेल्या माणसाचे हाड मोडावे आणि ज्याच्याविरुद्ध अर्ज करावा असे एकही खाते नसावे, हा त्यांच्या मते उघड अन्याय होता. माळ्यावर जुन्या पोचपावत्यांचे गठ्ठे होते. त्यांतली एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची एक पोच त्यांना तातडीने हवी होती. कशासाठी हवी होती, हे प्लास्टर वाळेपर्यंत त्यांना आठवले नाही आणि पुढेही आठवले नाही.

अर्जनवीस हा पेशा आता जवळजवळ संपला आहे. लोक मोबाइलवर अर्ज भरतात, तो कुठे गेला हे त्यांना कळत नाही, आणि न कळण्यालाच सोय म्हणतात. तरीही कचेऱ्यांच्या रस्त्यावरच्या एका कडुनिंबाखाली हणमंतप्पांचे टेबल टिकून होते. खेड्यापाड्यांतून आलेला माणूस त्या टेबलापुढे उभा राहून आपले गाऱ्हाणे सांगे आणि हणमंतप्पा ते ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ कागदावर उतरवत. शेजारच्या टेबलावर बसणारे मुद्रांकविक्रेते बंडप्पा त्यांना ‘बिनकोटाचे वकील’ म्हणत. यातला टोमणा हणमंतप्पांना कळत होता, परंतु पदवी आवडत असल्यामुळे त्यांनी तक्रार केली नव्हती. त्यांच्या आयुष्यात तक्रार न केलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या. ही त्यांतली एक.

त्यांचा सारा व्यवहार दोन श्रद्धांवर उभा होता. तोंडी आदेशावर कोणतेही काम करायचे नाही, आणि पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही. देवावरही त्यांची श्रद्धा होती, पण देव पोच देत नाही ही त्यांची खंत होती.

अशा माणसाला सहा आठवडे खाटेवर पडून राहण्याची शिक्षा झाली. पहिल्या आठवड्यात त्यांनी दूधवाल्याविरुद्ध, केबलवाल्याविरुद्ध आणि समोरच्या घरावरच्या भोंग्याविरुद्ध असे तीन मसुदे तयार केले. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला त्यांची पत्नी मल्लम्मा लेकीला म्हणाली, “सृष्टी, या माणसाला काय तरी काम दे बाई. काल मला म्हणाले, भाजीत मीठ कमी हाय हे लिहून दिलं तर सही करशील का.”

सृष्टीला तर त्या वेळी माणूस हवाच होता. ती चोवीस वर्षांची. सोलापुरात मराठीत एम. ए. केलेली. एक जुना जपानी व्हिडिओ गेम मराठीत आणणाऱ्या पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत तिला तीन महिन्यांच्या बोलीवर काम मिळाले होते. घरी बसून ती त्या गेममधल्या मराठी वाक्यांची तपासणी करी. तिच्या आधी सहा जणांनी तेच वाचले होते, त्यामुळे तिच्या वाट्याला चूक म्हणावी अशी चूक उरलीच नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता तिची मुदत संपत होती. त्याआधी तिला एकच काम करायचे राहिले होते: आयुष्यात कधीही असा खेळ न खेळलेल्या मराठी माणसाला तो खेळायला लावायचा आणि त्याला आलेल्या पहिल्या अनुभवांचा अहवाल पाठवायचा. पुण्याच्या मॅडमनी स्पष्ट सांगितले होते, की कायम करायचे की नाही हे त्या अहवालावर ठरेल. आणि अट अशी, की खेळणाऱ्याला एका शब्दाचीही मदत करायची नाही. आपण मागे बसायचे, पाहायचे आणि लिहायचे. खेळणारा निदान पहिल्या मशालीपर्यंत, म्हणजे खेळातल्या पहिल्या टप्प्यापर्यंत, पोचला पाहिजे.

कायम झाली नाही तर काय, याची सोय घरात तयार होती. देवळीत बी. एड.च्या प्रवेशाचा छापील अर्ज ठेवलेला होता. तो हणमंतप्पांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात भरूनही टाकला होता. फक्त सृष्टीची सही बाकी होती. देवळीकडे पाहायचे सृष्टी टाळत असे.

“आप्पा, एक खेळ खेळाल का?” तिने सोमवारी दुपारी विचारले.

“लेखी दे,” हणमंतप्पा म्हणाले.

तिने खरोखर लिहून दिले. चार ओळींचे विनंतीपत्र, की खेळ आपल्या रीतीने खेळावा आणि आलेला अनुभव सांगावा; खाली सही. हणमंतप्पांनी ते दोनदा वाचले, ‘अनुभव’ या शब्दापुढचा स्वल्पविराम काढून टाकला आणि संमती दिली.

खेळाचे नाव ‘विझलेल्या मशालींचे राज्य’. तीसएक वर्षांपूर्वीचा, चौकोनी ठिपक्यांची माणसे, चौकोनी ठिपक्यांची झाडे. लॅपटॉप खाटेवरच्या पाटावर ठेवला, बटणांचा कंट्रोलर हणमंतप्पांच्या हातात दिला आणि सृष्टी वही घेऊन मागे बसली. पहिल्याच पडद्यावर खेळाने विचारले: तुझे नाव काय? त्यासाठी पाच चौकटी होत्या.

“वडिलांचं नाव कुठं लिहायचं?” हणमंतप्पांनी विचारले.

सृष्टी गप्प. नियम तो नियम.

“आडनाव? गाव? वय?” त्यांनी सगळी बटणे दाबून पाहिली. “या राज्यात एका नावाची दोन माणसं आली तर कुणाला कोणता दाखला देतात हे?” अखेरीस ‘हणमंत’ एवढ्यावर त्यांना भागवावे लागले. सृष्टीने वहीत लिहिले: तक्रार क्रमांक एक.

नायक एका गावात उभा होता. हिंडत जाऊन लोकांशी बोलायचे, असा त्या जातीच्या खेळांचा रिवाज असतो. गावात बारा माणसे होती आणि प्रत्येकाजवळ एकेकच वाक्य होते. विहिरीवरची बाई दर वेळी म्हणे, ‘उत्तरेकडच्या वाड्यात राजा वाट पाहत आहे.’ पुन्हा विचारले तरी तेच. दहा वेळा विचारले तरी तेच. सृष्टीने ऐकले होते, की नव्या खेळाडूंना हे फार खोटे वाटते. हणमंतप्पांना त्यात खोटे काहीच आढळले नाही. “कचेरीत खिडकीवरची माणसं अशीच बोलत्यात,” ते समाधानाने म्हणाले. “जपानातपण तसंच हाय म्हणजे.”

मात्र लोकांच्या घरात शिरणे त्यांना जमेना. दार उघडेच असे, नायक सरळ आत जाई आणि कोणी हरकत घेत नसे; पण हणमंतप्पा प्रत्येक उंबऱ्यावर थांबत आणि मोठ्याने म्हणत, “हाय का घरात कुणी?” पडद्यावरून उत्तर येत नसे. स्वयंपाकघरातून मल्लम्माच ओ देई. नायक जोड्यांसह सतरंजीवर चढला, ही तक्रार क्रमांक चार. एका म्हातारीच्या घरात पेटी होती. बटण चुकून दाबले गेले, पेटी उघडली आणि ‘तुला औषधी पाला मिळाला’ असे वाक्य उमटले. हणमंतप्पांचा चेहरा उतरला.

“मी मागितला न्हाय,” ते म्हणाले.

त्यांनी तो पाला परत ठेवण्यासाठी वीस मिनिटे घालवली. पेटी पुन्हा मिटण्याची व्यवस्थाच खेळ बनवणाऱ्यांनी केलेली नव्हती. म्हातारी शेजारी उभी राहून ‘आज हवा छान आहे’ एवढेच म्हणत होती. “बघ, तिला कळलंपण न्हाय,” ते हताशपणे म्हणाले आणि त्यानंतर कोणत्याही पेटीच्या तीन हात जवळ गेले नाहीत.

देवळातला पुजारी मात्र त्यांना मनापासून आवडला. त्याच्यासमोर उभे राहिले की तो विचारी: ‘आजवरची तुझी वाटचाल वहीत नोंदवू का?’ हो म्हटले की नोंद होई, आणि खेळ बंद केला तरी तिथून पुढे सुरू करता येई. अनुभवी खेळाडू तासाभराने एकदा नोंद करतात. हणमंतप्पांनी पहिल्या दुपारी अकरा वेळा केली. “तीस वर्षांत पहिल्यांदा,” ते म्हणाले, “स्वतःहून विचारणारा माणूस भेटला, की पोच देऊ का म्हणून.” जावक क्रमांक देत नाही एवढाच त्या पुजाऱ्याचा दोष. तक्रार क्रमांक नऊ.

मंगळवारी ते गावाबाहेर पडले. माळावर एक निळसर, चिकट, डोळे असलेला गोळा आडवा आला. पडद्यावर चार पर्याय उमटले: मारा, बचाव करा, वस्तू वापरा, पळा. तेवढ्यात मल्लम्माने चहा आणला. हणमंतप्पांनी कंट्रोलर खाली ठेवला, बशीत ओतून चहा घेतला, तोंड पुसले आणि वर पाहिले. गोळा तिथेच होता. त्याने हात उगारला नव्हता. त्याला हात नव्हते हे खरे, पण त्याने कसलीही घाई केली नव्हती.

“हा थांबला व्हय माझ्यासाठी?”

सृष्टीने मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिले.

“पाळी माझी हाय म्हणून थांबला,” हणमंतप्पांनी स्वतःच उलगडा केला, आणि त्यांचा आवाज बदलला. एस. टी. फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या, रांगेत कोपर खुपसणाऱ्या, ‘फक्त एकच सही हाय’ म्हणत पुढे घुसणाऱ्या माणसांत ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा गोळा केवढा सुसंस्कृत वाटला असेल याची कल्पना करावी. त्यांनी त्याला मारायला साफ नकार दिला. “एवढ्या रीतीच्या जनावराला मारायचं कारण काय?” असे म्हणून त्यांनी ‘पळा’ हा पर्याय निवडला. पुढच्या सहाही गोळ्यांपासून ते असेच आदरपूर्वक पळाले आणि संध्याकाळच्या आत वाड्यात पोचले.

सृष्टीला हायसे वाटले. वाड्यातून पहिली मशाल फार तर दोन तासांच्या अंतरावर होती. बुधवारी सकाळी तिने मॅडमना कळवून टाकले, की काम वेळेत होईल.

वाड्यात लाल सतरंजीच्या टोकाला राजा बसला होता. दोन्ही बाजूंनी शिपाई. राजा म्हणाला: ‘हणमंत, आमच्या राज्यातील सात मशाली विझल्या आहेत. तू त्या पेटवून आणशील का?’ खाली दोन शब्द: हो, नाही.

जगातल्या तमाम खेळाडूंनी इथे ‘हो’ म्हटले आहे. न म्हणून करणार काय. खेळ त्यापुढेच सुरू होतो. हणमंतप्पांनी ‘नाही’ दाबले.

‘असे म्हणू नकोस,’ राजा म्हणाला. ‘राज्याची आशा तुझ्यावर आहे. तू त्या पेटवून आणशील का?’

“तोंडी सांगतोय,” हणमंतप्पा सृष्टीकडे वळून म्हणाले. “सात मशाली. कुठं विझल्या, कधी विझल्या, कुणाच्या ताब्यात होत्या, काही न्हाय. उद्या एक कमी भरली तर कुणाच्या माथी?” आणि त्यांनी पुन्हा ‘नाही’ दाबले. राजाने पुन्हा तेच वाक्य म्हटले.

यापुढचा बुधवार राजा आणि हणमंतप्पा या दोघांनी एकमेकांची चिकाटी पाहण्यात घालवला. हणमंतप्पांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर पाच-पाचाच्या रेघा मारून नकारांची गणती ठेवली. त्यांची पद्धत ठरलेली होती. समोरचा तेच उत्तर देतो, म्हणजे तो आपल्या कंटाळण्याची वाट पाहतो. तेव्हा आपण कंटाळायचे नाही. या एका पद्धतीवर त्यांनी लोकांचे फेरफार, वारसदाखले, रस्त्यांचे वाद मार्गी लावले होते. नकार दाबून ते पंधरा मिनिटे थांबत, वर्तमानपत्र वाचत, मग पुन्हा दाबत. लागोपाठ दाबणे त्यांना उतावळेपणाचे वाटे.

मल्लम्मा कपड्यांच्या घड्या घालत होती. “हो म्हणा की एकदा. त्याच्या तोंडाला फेस आला असंल.”

“हे कचेरीचं काम हाय. तुला न्हाय कळायचं.”

“मला एवढं कळतंय की पोरीचं तोंड सुकलंय.”

सृष्टीचे तोंड खरोखरच सुकले होते. तिला एकच शब्द बोलायचा होता आणि तो बोलायची मनाई होती. तो शब्द पडद्यावर लिहिलेलाही होता. गुरुवारी दुपारपर्यंत पाकिटाच्या पाठीवर बावन्न रेघा झाल्या. वहीतल्या तक्रारी एकतीसवर पोचल्या होत्या, पण नायक सतरंजीच्या टोकावरून एक पाऊल हलला नव्हता.

तीन वाजता बंडप्पा पाहायला आले. त्यांनी पाय पाहिला, पडदा पाहिला, पाकीट पाहिले.

“वकीलसाहेब, राजा काय म्हणतोय?”

“लेखी देत न्हाय.”

“मग तुमी?”

“मी हलत न्हाय.”

“बरं हाय,” बंडप्पा स्टुलावर बसत म्हणाले. “तिकडं तुमचं टेबल रिकामं हाय म्हणून लोकं मलाच अर्ज लिहा म्हणत्यात. परवा एकाला लिहून दिला. त्यानं वाचला आणि विचारलं, यात माझं नाव कुठं हाय.” मग त्यांनी सृष्टीकडे पाहिले आणि त्यांचा विनोद थांबला. “पोरी, तुझं उद्याच हाय ना ते?”

“पाचपर्यंत,” सृष्टी म्हणाली.

हणमंतप्पांनी हे ऐकले. देवळीतल्या छापील अर्जाकडे त्यांची नजर गेली आणि परत आली. त्या क्षणी ते हो म्हणाले असते. अंगठा त्या बटणापर्यंत गेलाही होता. “सृष्टी,” त्यांनी विचारले, “मी माझ्या रीतीनं खेळायचं, असंच तू लिहून दिलंय ना?”

तिने मागे सरून भिंतीला पाठ टेकली. कागद तिनेच लिहिला होता, सही तिचीच होती. “व्हय आप्पा,” ती म्हणाली. “तुमच्या रीतीनं.”

मग मात्र त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. पंधरा मिनिटांचा अवकाशही सोडून दिला, आणि लेकीसाठी आपल्या पद्धतीत केलेली त्यांची ही पहिली तडजोड होती. त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न. बंडप्पा मोठ्याने मोजू लागले. साठाला मल्लम्माही येऊन दारात उभी राहिली. चौसष्टाव्या नकाराला राजा नेहमीचे वाक्य बोलला नाही.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. अक्षरे मराठी नव्हती.

ओळी गेल्या. मग उजवीकडचा शिपाई, जो तीन दिवस पुतळ्यासारखा उभा होता, आपल्या जागेवरून हलला. तो सतरंजीच्या कडेने चालत गेला, भिंतीपाशी थांबला, आणि परत येताना त्याने एक खुर्ची आणली. बारा-पंधरा ठिपक्यांची, तपकिरी. ती त्याने नायकाच्या मागे ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभा राहिला. नायक खुर्चीवर बसला.

“फाईल वर गेली वाटतं,” बंडप्पा हळूच म्हणाले.

हणमंतप्पांनी मान पडद्याजवळ नेली. ते त्या खुर्चीकडे पाहत होते.

सृष्टीने धडपडत पुजाऱ्याच्या जुन्या नोंदीची एक प्रत वेगळी ठेवली, त्या ओळींचे छायाचित्र काढता आले नव्हते म्हणून त्या प्रतीवरून लॅपटॉपवरच दुसऱ्या चौकटीत स्वतः खेळ सुरू केला, वाडा गाठला, आणि राजाला न थांबता चौसष्ट वेळा ‘नाही’ म्हटले. त्याच दोन ओळी आल्या. तिने फोटो पुण्याला पाठवला. तीस वर्षांपूर्वी ज्याने कोणी तो खेळ बनवला, त्याने गंमत म्हणून हे वाक्य खोल दडवून ठेवले असावे. भाषांतराच्या यादीत ते आले नव्हते, आणि आधीच्या सहाही तपासनिसांपैकी कोणी राजाला तीनापेक्षा अधिक वेळा नाही म्हटले नव्हते. शिकलेली माणसे, त्यांना वेळ नव्हता.

अर्ध्या तासाने मॅडमचा फोन आला. कंपनीत जपानी वाचणारी एक व्यक्ती होती. सृष्टीने ऐकलेला अर्थ जसाच्या तसा सांगितला. “राजा म्हणतोय, तू थकला असशील. इतका वेळ तुला कोणी बसायलाही सांगितले नाही.”

हणमंतप्पांनी घसा साफ केला. “तीस वर्षं मी कचेऱ्यांत जातोय,” ते म्हणाले. “एकदापण कुणी खुर्ची पुढं केली न्हाय. आणि हा राजा हाय.”

“व्हय,” मल्लम्मा दारातून म्हणाली. ती रागावली नव्हती. तिने फक्त वाक्य पुढे नेले. “आणि तुमच्या टेबलापुढं तरी कुठं हाय खुर्ची?”

हणमंतप्पांनी तिच्याकडे पाहिले.

“तीस वर्षं डबा घेऊन येते मी. म्हातारी माणसं उभी, पोटुशा बाया उभ्या, आणि तुमी बसून विचारणार, पुढं काय झालं सांगा. मीपण उभीच असते. डबा रिकामा हुईपर्यंत.”

“तिथं जागा न्हाय.”

“जागा हाय,” बंडप्पा म्हणाले. “तुमची छत्री असते त्या जागेवर.”

अडचणीत सापडले की हणमंतप्पा कागदाकडे वळत. आज कागदाऐवजी कंट्रोलर हातात होता. राजाने अजूनही लेखी काही दिले नव्हते. मशालींचा ताबा, संख्या, मुदत, सगळे मोघमच होते. पण प्रश्न पुन्हा पडद्यावर होता, आणि हणमंतप्पांनी तो पूर्ण वाचून ‘हो’ दाबले.

“आता?” मल्लम्माने विचारले.

“बसायला दिलं त्यानं,” ते म्हणाले. “माणूस बरा हाय.”

शुक्रवार उजाडला तो वेगळ्याच कामात. मॅडमनी ते वाक्य मराठीत आजच हवे म्हणून सांगितले होते. सृष्टीने लिहिले: ‘आपण श्रांत झाला असाल, कृपया आसनस्थ व्हावे.’ तिने ते वाचून दाखवल्यावर हणमंतप्पांनी डोळे मिटले. आयुष्यभर ‘उपरोक्त’ आणि ‘सदरहू’ यांवर पोट भरलेला तो माणूस. त्याला हे वाक्य आवडायला हवे होते.

“राजा असला तरी दमल्या माणसाला असं बोलत न्हाय कुणी,” ते म्हणाले. “तू अर्ज लिहितीयेस. तो अर्ज लिहीत न्हाय, समोरचा दमलाय हे त्याच्या ध्यानात आलंय.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “लिही. ‘दमला असशील बाबा. बस आधी. तुला कुणी बस म्हटलंच न्हाय.’”

सृष्टीने ‘न्हाय’चे ‘नाही’ केले आणि बाकी तसेच ठेवले. हणमंतप्पांनी दुरुस्ती पाहिली, हरकत घेतली नाही.

पहिली मशाल मात्र त्यांच्या हाती लागली नाही. वाड्याबाहेर पडताच त्यांनी पुन्हा प्रत्येक गोळ्याला त्याची पाळी दिली आणि स्वतः पळाले, त्यामुळे नायकाची ताकद काडीइतकीही वाढली नाही, आणि गुहेच्या तोंडाशी एका वटवाघळाने त्याला दोनच फटक्यांत आडवे केले. पुजाऱ्याची पोच असल्यामुळे काही बिघडले नाही, पण घड्याळात साडेचार झाले होते.

“मुदतवाढीचा अर्ज लिहू?” हणमंतप्पांनी विचारले. “असा लिहितो की नाही म्हणायची सोय ठेवत न्हाय.”

“नको आप्पा,” सृष्टी म्हणाली. तिने एकतीस तक्रारी जशाच्या तशा उतरवल्या, वडिलांच्या नावाच्या चौकटीपासून न मिटणाऱ्या पेटीपर्यंत. चौसष्टावा नकार आणि त्याची वेळ नोंदवली. शेवटी लिहिले: खेळाडू पहिल्या मशालीपर्यंत पोचला नाही. पाचला चार मिनिटे असताना तिने तो अहवाल पाठवला आणि देवळीतला बी. एड.चा अर्ज खाली काढून सहीची जागा पाहून ठेवली.

सोमवारी तीन ओळींचे उत्तर आले. अहवाल अपुरा आहे. मात्र सहा जणांच्या नजरेतून सुटलेले तिच्या खेळाडूने शोधले आणि तिने ते लपवले नाही. पहिल्या तारखेपासून तिला कायम करण्यात येत आहे.

मल्लम्माने देवापुढे साखर ठेवली. हणमंतप्पांनी पत्र तीनदा वाचले आणि ‘अपुरा’ या शब्दावर बोट ठेवले. “यावर अपील करता येतं,” ते म्हणाले. सृष्टीने त्यांच्या हातातून पत्र काढून घेतले आणि त्या जागी बी. एड.चा अर्ज दिला. त्यांनी तो उलटा केला. पाठ कोरी होती. तक्रार क्रमांक बत्तीस लिहायला पुरेशी. खुर्ची पहिल्याच नकाराला मिळावी, चौसष्टाव्या नव्हे, अशी ती तक्रार होती. पुण्याला ती पोचली की नाही, कळले नाही. पोच आली नाही.

महिन्याभराने प्लास्टर निघाले. कडुनिंबाखाली हणमंतप्पा काठी टेकत आले. मागे मल्लम्मा, तिच्या हातात डबा आणि काखेत घरातली लोखंडी घडीची खुर्ची. छत्री झाडाच्या फांदीला गेली, खुर्ची टेबलापुढे उघडली. बंडप्पांनी हे सगळे पाहिले, पण तोंडातल्या पानामुळे त्यांना काही बोलता आले नाही.

पहिली आली ती बानूबाई. मेंढरांचा कळप राखणारी. तिच्या वाटेत कोणीतरी कुंपण घातले होते, आणि तेवढ्यासाठी ती पहाटे चालत निघाली होती. ती टेबलापुढे येऊन काठीवर हात ठेवून उभी राहिली.

“बसा, बाई,” हणमंतप्पा म्हणाले.

तिने मागे वळून पाहिले, दुसऱ्या कोणाला म्हणतात की काय म्हणून. “न्हाय, मी उभीच बरी.”

“बसा.”

“न्हाय जी. धुळीचं लुगडं हाय. खुर्ची घाण हुईल.”

हणमंतप्पांनी पेनाचे टोपण काढून बाजूला ठेवले. कोरा कागद पुढे ओढला, पण लिहायला घेतला नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि अगदी त्याच आवाजात, पहिल्यांदाच म्हणावे तसे, पुन्हा म्हटले, “दमला असाल, बाई. बसा आधी.”

“न्हाय. तुमी लिवा.”

शेजारच्या टेबलावर बंडप्पांनी पानाची पिंक टाकली, खिशातून एक जुने पाकीट काढले, आणि त्याच्या पाठीवर तिसरी रेघ ओढली.